शिक्का तुझा, हात साहेबांचा

प्रिय दादा,

काल साहेब अहमदपूरला आपल्या घरी येऊन गेले, म्हणून लिहिते आहे. विमान कारखान्यातले तुझे तेच साहेब, ज्यांना तू पाठीमागेही 'साहेब'च म्हणायचास. पेढ्यांचा डबा आणला होता. तुझ्या फोटोला हात जोडले. वाटलं, डबा तोंडावर फेकावा. अण्णांनी चहा ठेवायला सांगितला आणि मी ठेवला, याचा राग अजून जात नाही.

त्यांना माझा अर्ज मागे घेतलेला हवा आहे. माझ्या अर्जावर तुझी चौकशी पुन्हा उघडली आहे, दादा! पुढच्या आठवड्यात माझी साक्ष आहे.

आठवतं, माझ्या लग्नाच्या सुपारीला यायला तुला सुट्टी मिळत नव्हती? मीच फोनवर रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी आलास. जेवताना हळूच म्हणालास, "शिक्का सायबाकडं ठिवून आलोय, तवा कुठं सोडलं." मला त्यातलं काय कळणार? तुझ्यासारख्या तपासनिसाचा शिक्का म्हणजे त्याची सही, तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं. तुला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मग का दिलास? वरच्या माणसानं हात पुढे केला की आपल्या तोंडून नाही निघत नाही, म्हणून?

सुट्टीत आलास की अण्णा विचारायचे, तुमचं विमान उडलं का? तू हसून विषय बदलायचास. परदेशातून यायचं इंजिन वेळेवर येत नव्हतं, नकाशे सारखे बदलत होते, आणि विमान हवाई दलाच्या हवाली करायची तारीख मात्र मंत्र्यांच्या सोयीनं ठरायची. चाकाच्या दांड्याला बारीक तडा दिसला तेव्हा तू त्याला नापासाची लाल चिठ्ठी बांधलीस. नवा दांडा यायला कित्येक महिने होते. विमान हवाली करायचा कार्यक्रम आठवड्यावर होता.

तू माझ्या सुपारीत पंगतीला भात वाढत होतास, तेव्हा साहेबांनी ती चिठ्ठी काढून दांडा पास केल्याच्या कागदावर तुझा शिक्का मारला. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. पुढे एका चाचणीत विमान धावपट्टीवरच एका बाजूला बसलं आणि चाकाजवळच्या कारागिराचा पाय गेला. कागदावर नाव तुझं निघालं. हे सगळं मला तू गेल्यावर त्याच कारागिरानं सांगितलं.

निलंबित होऊन घरी आलास आणि दोन वर्षं गप्प राहिलास. शिक्का दिल्याचं कबूल करायची लाज वाटली? की 'मी सांभाळून घेतो' असं साहेब म्हणाले होते? निदान मला तरी सांगायचंस! बसस्टँडवर लोक तुला ऐकवायचे, तू मान खाली घालून यायचास. मग एके दिवशी छातीत कळ आली. मी सासरहून, नांदेडहून पोचेपर्यंत तू गेला होतास.

लातूरच्या व्हिडिओवाल्याला गाठून मी सुपारीची चित्रफीत मिळवली. तू त्यात भाताचं पातेलं घेऊन उभा आहेस, कोपऱ्यात तारीख आणि वेळ आहे. कागदावरच्या शिक्क्याखालीही तीच तारीख आहे.

साहेब म्हणाले, प्रकल्प आत्ता कुठे रुळावर येतोय, देशाचं नुकसान होईल. देश! तडा गेलेल्या दांड्यावर नारळ फोडताना कुठे होता देश? मग त्यांनी खरा डाव टाकला. साक्ष दिली तर तू शिक्का दिलास हेही बाहेर येईल, गेलेल्या भावाची अब्रू कशाला काढता? अण्णा कळवळले. मला म्हणाले, "जाऊ दे बाई. त्यो काय वापस येनार हाय?"

मी साहेबांकडे वळले. त्यांनाच सांगितलं, "तुमचा मान अन् तुमची झोप, दोन्ही जायला पाहिजे. त्याच्यासाठीच करून राहिले मी हे." त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

जबाब लिहून ठेवला आहे. पहिलं वाक्य तुझ्या चुकीचं आहे: माझ्या भावानं आपला शिक्का दुसऱ्याच्या हाती दिला. लिहिताना तुझा राग आला. मला माफ कर, नाहीतर करू नकोस. पण वचन देते, दादा. यापुढे तुझ्या नावावर तुझी तेवढीच चूक राहील. साहेबांची त्यांच्या पदरात टाकून येईन, सगळ्यांदेखत.

तुझी धाकटी,
शोभा