सासूबाईंचा ताबा

रत्नागिरी,
१८ एप्रिल १९८५

तीर्थरूप आई,

मथुराचा वाकून नमस्कार. एवढा मायना लिहायलाच अर्धा तास गेला. शाळेत शिकवलं होतं, आपल्या वडीलधाऱ्यांना तीर्थरूप लिहायचं आणि परक्यांना तीर्थस्वरूप. सोमवारी कोर्टाने माझा आणि तुमच्या चिरंजीवांचा घटस्फोट मंजूर केला, तेव्हा नियमाने तुम्ही आता तीर्थस्वरूप. पण अकरा वर्षं वळलेला हात वळलाच. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? पत्र सगुणावहिनी वाचून दाखवत असतील, तर त्यांनाही नमस्कार. (मध्येच थांबून स्वतःचं मत सांगू नये, ही विनंती.)

कुणी तिसऱ्याने तिखटमीठ लावून सांगण्याआधी सगळी हकीगत कळवावी, एवढ्याच हेतूने लिहिते आहे. आमचे धामणस्कर वकील माणूस चांगला, पण सगळी उमेद बांधाच्या आणि आंब्याच्या कलमांच्या भांडणांत गेलेली. पहिल्याच दिवशी दमूकडे बघून त्यांनी विचारलं, "मुलीची वहिवाट सध्या कुणाकडे?" मी म्हटलं, तिला चौथीची परीक्षा आहे. मग त्यांनी समजावलं, की दोघांची संमती असली तरी अर्ज दिल्यावर कायदा सहा महिने विचार करायला देतो, मुलीचा ताबा आईकडे मागता येतो, आणि ताबा आईकडे असला तरी बापाला पोटगी चुकत नाही. सहा महिने! लग्न ठरवताना मला सहा मिनिटंसुद्धा मिळाली नव्हती. तुम्ही आमच्या पडवीत बसून एवढंच विचारलंत, "मासळी साफ करता येते काय गो?" मी घाटाखालच्या आतल्या गावातली, बांगडा फक्त कालवणात पाहिलेला. खोटंच हो म्हटलं. (तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं, हे मला दमूच्या बारशाला कळलं.) लग्नानंतर परसात बसवून तुम्ही मला कल्ले उचलून ताजेपणा बघायला शिकवलंत, आणि मी कापलेल्या पहिल्या सुरमईच्या इतक्या चिंधड्या झाल्या की तुम्ही ती शेजारी कळू न देता मांजराला घातलीत.

तर सोमवारी न्यायाधीशांनी विचारलं, पतीचं नाव काय. आता आयुष्यात मी त्यांचं नाव उखाण्याशिवाय घेतलेलं नाही. तोंडातून आपोआप तुम्ही शिकवलेला निघाला: "दशभुजा गणपतीला वाहते दूर्वांची जुडी, भिकाजीरावांची सुखरूप येऊ दे होडी." टंकलेखकाने मान वर करून विचारलं, "साहेब, होडीपण लिहू?" समोर उभे तुमचे चिरंजीव मान खाली घालून हसले, मलाही हसू फुटलं. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो, आणि तेही काडीमोडाला पंधरा मिनिटं उरलेली असताना.

मग न्यायाधीशांनी मला हळूच विचारलं, की बाई, पुन्हा विचार करायचा आहे का? मी म्हटलं, साहेब, हे जहाजावर नोकरीला. लग्नानंतर आठ वर्षं मी हेदवीला होते, त्यात हे सगळे मिळून चौदा महिने घरी. बाकी संसार मी यांच्या आईशी केला, आणि त्या संसाराबद्दल माझी काही तक्रार नाही. हे मी ठरवून गेले नव्हते, आई. बोलताना मला आपल्या दोघींच्या संध्याकाळी दिसत होत्या. पोस्टमन येऊन गेला, पत्र नाही, की तुम्ही म्हणायच्यात, "नाही तर नाही, चल, चहा टाक." आणि शेवटी पत्र आलं, ते मुंबईत त्यांनी दुसरा संसार थाटल्याचं. ते मीच तुम्हाला वाचून दाखवलं. त्या दिवशी चहा तुम्ही टाकलात. वर्षभराने मला इथल्या टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी लागली, तेव्हा "जा, मागे बघू नको" म्हणणाऱ्याही तुम्हीच.

निकाल लागला. दमू माझ्याकडे, तिच्या शिक्षणाचं आणि पोटगीचं त्यांनी कुरकुर न करता मान्य केलं. बाहेर आल्यावर दमूने वकिलांना विचारलं, "मी आईकडे, मग आजी कुणाकडे?" धामणस्करांनी उभ्या उभ्या सगळे कागद चाळले आणि ओशाळून म्हणाले, "आजीचा उल्लेख अर्जात राहिलाच." मी विचारलं, नवरा सोडून सासू ठेवता येते का? म्हणाले, "कायदा आड येत नाही. पण त्यांची संमती लागेल."

असो. तुम्ही वाईट वाटून घेऊ नये. या वयात धावपळ करून इकडे येण्याचीही काही गरज नाही. तब्येतीला जपा.

तुमची,
मथुरा

ता. क. तवसाळहून सकाळच्या तरीने खाडी ओलांडून जयगडला उतरलात, तर रत्नागिरीची एस.टी. लगेच मिळते. चार दिवसांचं सामान आणू नका, सगळं आणा. मला एकटीला फार जड जातं, आई.

ता. क. २. यायचं नसेल तर तसं कळवू नका. पुढच्या बुधवारपासून मी आणि दमू रोज स्टँडवर जयगडच्या गाडीची वाट बघायला येणार आहोत. उत्तर आलं नाही, की तुम्ही निघालात असं समजू.