बरणीवरची लाख

४ जानेवारी १९६३
बुलढाण्याला पोचलो. थंडी झकास! डॉक्टर शेषरावांच्या खासगी प्रयोगशाळेत मेंदूचे पातळ काप करून रंगवायचे, राहणं-जेवण तिथेच. सोजराबाई स्वयंपाकाला. इथे पिठल्याला बेसन म्हणतात. पुण्यात असं खाल्लं नव्हतं. कपाटात मेंदूच्या बरण्या ओळीने उभ्या: 'लाख ९०', 'लाख १२०'. झाकणं लाखेने बंद केली आहेत, म्हणून तसं लिहिलं असावं.

११ जानेवारी
डॉक्टरांना आज बोलायची हुक्की आली. मज्जापेशींच्या मधल्या चांदणीसारख्या पेशींना लोक नुसता सरस समजतात, चिकटवायला. डॉक्टर म्हणाले, तो सरसच मेंदूला जगवतो आणि बिघडला की मारतो. पण आधी कोण बिघडतं, मज्जा की सरस? ते कळायला नव्वदच्या आतला मेंदू हवा, तो त्यांच्याकडे नाही. नव्वद काय, ते विचारायचं राहिलं. मी पुणेकर, आणि प्रश्न राहिला!

२८ जानेवारी
जिना चढताना पोटऱ्या ताठल्या. बाजारातून येताना टाचा टेकेनात. सोजराबाईंना सांगितलं, तर त्यांनी वर बघितलंही नाही. डॉक्टरांनी मात्र आनंदाने टिपून घेतलं. मला ते आवडलं नाही.

६ फेब्रुवारी
बेसन नको म्हटलं. सोजराबाई रडायला लागल्या. "मले काऊन इचारता भाऊ? डॉक्टरनं सांगतलं, तुमच्या ताटात लाखेचंच बेसन वाढायचं."
लाख म्हणजे डाळ! भंडाऱ्याकडून पोती येतात. रोज खाल्ली की पाय ताठतात. त्यांचे यजमान जानराव तीन महिन्यांत लुळे झाले, उपचाराला म्हणून इथे आणले, परत गेले नाहीत. तीन महिने. नव्वद दिवस.
कपाटात नवी बरणी. रिकामी. चिठ्ठी डकवलेली— 'लाख ३५'.
आज माझा इथला चौतिसावा दिवस.

७ फेब्रुवारी, सकाळ
चिखलीची एसटी गाठायची होती. दोन्ही पाय कात्रीसारखे— उंबऱ्याशी पडलो. सोजराबाईंनी उचललं. वाटलं, बाहेर नेतील— खुर्चीत बसवलं. कडी लावली. म्हणाल्या, नाहीतर माह्या लेकीच्या ताटात वाढावं लागन.

डॉक्टर समोर बसलेत. उद्यापासून काप त्यांनाच रंगवावे लागणार. सरसपेशींना कुठला रंग, किती वेळ, विचारताहेत. अगदी आपुलकीने. मी म्हटलं, लिहून देतो— फार भीती वाटते आहे— त्यांना वाटतं कृती लिहितोय— हे पान संपेपर्यंत तरी— अक्षर मोठं काढतोय— उठले. वाचायला वाकत—