वरच्या कप्प्याचा अधिकार

मी, धुरपदाबाई सुकदेव बोरसे, वय वर्षे एकोणसत्तर, मूळ गाव अमळनेर तालुक्यात, हल्ली मुक्काम गोडादरा, सुरत, ईश्वराला स्मरून व पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. कोणाचा आग्रह नाही, कोणाची भीती नाही. चष्मा मात्र नवा आहे.

राहते दोन खोल्यांचे घर माझा मुलगा योगराज यास द्यावे. तो मिलमध्ये रंगखात्यात मास्तर आहे. पोथ्या व वाचनाचा चौरंग इच्छापोरला दिलेल्या माझ्या मुलीकडे, जयश्रीकडे जावा. माझ्या वडिलांनी पुराण सांगताना मला शेजारी बसवून संस्कृत शिकवले. गावात त्या वेळी दुसऱ्या मुलीला ते येत नव्हते. जयश्रीने पोथ्या नुसत्या पुजू नयेत, वाचाव्यात.

आता फ्रिजविषयी. हे कलम सावकाश वाचावे.

योगराजने १९९१ साली फ्रिज आणला तेव्हा मी विरोध केला. शिळे अन्न तामस, असे शास्त्र सांगते. मग शिळ्याला घरात कपाट कशाला? पुढे विचार केला की दोष कपाटाचा नसून ठेवणाऱ्याचा आहे. तेव्हापासून शिजवलेले अन्न या फ्रिजमध्ये एक रात्रही राहिलेले नाही. खालच्या खणात निवडून, कोरडी करून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली मेथी, शिवाय दुधी आणि कारली. मधल्या कप्प्यात मोड आलेली मटकी व मूग, दही, ताक. दारात लिंबे, कढीपत्ता आणि योगराजच्या इन्सुलिनच्या बाटल्या. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू हाती येते. अशी मांडणी या गल्लीत दुसरी नाही, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

शेजारच्या मालतीबाईंनी सरबताच्या बाटल्या गार करायला पाठवल्या, त्या मी परत केल्या. त्यावर त्या भजनात म्हणाल्या, “बोरसेबाईंच्या फ्रिजला सुद्धा सोवळं नेसवलंय!” या वाक्याबद्दल मी त्यांना क्षमा करते. बाटल्या माझ्या पश्चातही ठेवू नयेत.

सर्वांत वरचा कप्पा मी देवाचा केला होता. एकादशीला माझे प्रवचन ऐकायला येणारी मंडळी पेढे, बर्फी आणीत. नैवेद्य दाखवून मी ते तेथे ठेवीत असे. योगराज देवाला नमस्कार करून, त्यातला प्रसाद घेऊनच पाळीला जाई. असा श्रद्धावान मुलगा माझ्या पोटी आला याचा मला गर्व होता.

१९९४ साली त्याच्या पायाची जखम भरेना. डॉक्टर विचारीत, “घरात गोड खातात का?” मी ताठ मानेने सांगे, “आमचा फ्रिज येऊन पाहा.” उजव्या पायाचे एक बोट कापावे लागले. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या दिवशी सून उज्ज्वलाने त्याला वरच्या कप्प्यात हात घालताना धरले.

“हाई काय करी ऱ्हायनात?”

“परसाद शे. परसादले नही म्हनता येस का?”

तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. लग्नाला अकरा वर्षे झाली होती, तिने कधी मान वर केली नव्हती. म्हणाली, “आत्या, देवले काकडी चालस नही का?”

मी रागावले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पोथ्या उघडून बसले आणि पेढाच हवा असे वचन शोधू लागले. सापडले नाही. भावनेने वाहिलेले पान, फळ, पाणी देव घेतो, एवढेच सर्वत्र मिळाले. चाळीस वर्षे मी हे लोकांना सांगत आले. माझ्या घरात ते माझ्या सुनेला कळले होते. तिसऱ्या दिवशी नैवेद्याला काकडी आणि भिजवलेले मूग ठेवले. बोटाचा दोष माझा आहे, तो मी येथे लेखी स्वीकारते. त्यानंतर योगराजच्या पायाला जखम नाही.

म्हणून फ्रिज, त्याची किल्ली व वरच्या कप्प्यात काय ठेवावे याचा संपूर्ण अधिकार मी उज्ज्वला योगराज बोरसे हिला देते. योगराजने यात वाटा मागू नये. अशी सून मिळाली, याचा मला माझ्या संस्कृतापेक्षा अधिक अभिमान आहे. हे तिला तोंडाने सांगणे मला जमले नाही.

शेवटचे. माझ्या तेराव्याला गोडाचे जेवण करू नये. मूग, दुधी, भाकरी, कोशिंबीर करावी. नातलग नावे ठेवतील, ठेवू द्यावीत. कोणीतरी “मायना नावनं एक घास खाय” म्हणून योगराजच्या पानात गोड वाढील. त्या वेळी उज्ज्वलाने उभे राहून, मान वर करून, हे कलम सर्वांना ऐकू जाईल असे वाचावे: तो घास माझ्या नावाचा नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, तो माझाच आहे.

सही: धुरपदाबाई सुकदेव बोरसे

आमच्या देखत सही झाली:
१. राघो धुडकू निकम, गोडादरा
२. शोभाबाई रघुनाथ सोनवणे, पर्वत पाटिया

स्थळ: सुरत
दिनांक: ९ मार्च १९९७