फाटकाच्या आत

सोलापूर, मार्च १९३३

चि. रामहरी भावजींना वहिनीचा आशीर्वाद.

उद्या भरपाईचे साहेब मला विचारतील, नवरा कुठं पडला. "वैनी, गिरणीच्या फाटकाच्या आत म्हणायचं. भायेर म्हणलासा तर भरपाईचा छदाम न्हाई मिळायचा," असं तुम्ही मला पढवलंत. मी तसंच सांगेन. माझ्या प्रभाला शाळेतून काढायचं नाही, म्हणून सांगेन. रस्त्यावर राहिलेली त्यांची चप्पल मी चुलीत घातली. जळक्या कातड्याचा वास अजून घरातून जात नाही.

लोक म्हणतात, पोटासाठी बोललेलं खोटं देव माफ करतो. करेलही. माझी झोप उडाली ती दुसऱ्याच कारणानं. कापसाच्या गाठींचा गाडा फाटकाबाहेर त्यांच्या अंगावर उलटला आणि तुम्ही त्यांना ओढत आत नेलंत. तेव्हा ते जिवंत होते का? पाणी मागितलं का? विचारलं की तुम्ही म्हणता, "आतच पडला म्हणायची सवय लावून घ्या की, वैनी."

हे पत्र कुणाच्या हाती लागलं तर भरपाई बुडेल. म्हणून तेही न धाडता चपलेमागून चुलीत जाईल.

साहेबांना काहीही सांगा, भावजी. पैसे हातात आले की एकदा घरी या, आणि मला बाहेरचं खरं सांगा.

तुमच्या दादांची,
गोजरबाई