आधी हे, मग आजी

माझ्या थोरल्याला, सूनबाईसकट पोटभर आशीर्वाद. मी सांगतेय, तुझी लेक लिहितेय, तोंड वाकडं करत.

न्हाणीत पाय घसरून मनगट मुरगळलं, पण काळजी नको. हिच्याच हॉस्पिटलात, तातडीच्या विभागात गेले. नर्सबाईंची आजी म्हटल्यावर वॉर्डबॉय मला रांगेतून उठवून आत न्यायला लागला. मीही ऐटीत निघाले.

बाकावर एक हमाल छाती धरून बसला होता, घामाघूम. कपडे मळके, म्हणून "प्यायलाय, बसू दे" म्हणत सगळे त्याला टाळून जात होते. तुझी लेक आली, त्याची नाडी पाहिली आणि मला म्हणाली, "आजी, मागे जाऊन बस. आधी हे."

हृदयाचा झटका होता. वाचला बिचारा.

त्या हमालाला टाळलं म्हणून हिनं सगळ्यांसमोर स्टाफला फैलावर घेतलं, तेव्हापासून मोठ्या सिस्टर हिच्याशी बोलत नाहीत. हिचं जेवणही कमी झालंय. हे लिहायला तयार नव्हती, मी लिहायला लावलं. तुझा गुडघा कसा आहे?

हो, त्या दिवशी मी मागे जाऊन बसले, तेव्हा शेजारी बसलेली बाई मला म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला हाकललं की हो त्या नर्सनं!"

मी म्हटलं, "हाकलणारच. माझी नात आहे ती."

तुझी,
आई