बाळाच्या अंगाचं तेल

मोएरानी,

मी पहाटेच्या बोटीने हुआहिने बेटावर, तेपुआमावशीकडे चाललोय. तुला उठवलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस.

परातीतलं तेल बिघडलं. खोबरं मी नीट किसलं होतं, रोज उन्हात कालवलंही. पण तियारेची फुलं टाकली ती पार उमललेली, वर पावसाने ओली. आता आंबूस वास येतोय. तू परात उचलू नकोस, आल्यावर मी बघतो.

तुझी आई मला परातीजवळ फिरकू देत नसे. "सरक तिकडे! नातवंडाच्या अंगाला टूना माशाचा वास यायचा," म्हणायची. मी हसत जाळं शिवायला जायचो. कसं करतात ते विचारायचं राहूनच गेलं. मावशीला येत असेल.

तियारेच्या कळ्या मिटलेल्या असतानाच खुडायच्या. तू वाकू नकोस, तेवाला सांग, नवरा कशाला आहे! अंगणात आईच्या कबरीवर झुकलेल्या फांद्यांच्याही खुडू देत. आजवर मी त्यांना हात लावू दिला नाही, पण बाळासाठी म्हटल्यावर ती काही बोलणार नाही.

या घरात मला बसवत नाही, हे तुला दिसतंच आहे. म्हणून रागावू नकोस. मावशीला घेऊनच येतो.

बाळ त्याआधी आलं, तर माझ्या उशीखाली आईच्या हातच्या तेलाची बाटली आहे. एवढी एकच उरलीय. बाळाच्या अंगाला चांगलं चोळ, टाळूलाही लाव. माझ्यासाठी मागे ठेवू नकोस.

बाबा