भिंतीतल्या वायरी सोडून बाकी सर्व

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, शिक्षण नववीपर्यंत, धंदा पंख्यांच्या आणि पाण्याच्या मोटारींचे वाइंडिंग, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. मात्र मी गोंधळलेला आहे, आणि ते लपवणे बरोबर नाही, म्हणून वकिलाच्या कारकुनाला विचारून घेतले की गोंधळलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते का. तो म्हणाला, "न गोंधळलेला माणूस आमच्याकडे येतोच कशाला? लिही तू."

मृत्युपत्र आताच का, ते आधी सांगतो. उद्या रविवारी आमच्या घराची जुनी वायरिंग काढून नवी घालायची आहे. वायरमन अंगाने भरलेला आहे, माळ्यावर मावत नाही. वर मी जाणार. काम पुढे ढकलता येत नाही, कारण बुधवारी ताई बाळाला घेऊन राहायला येते. बाळ रांगते आणि दिसेल त्यात बोट घालते. आमच्याकडे प्लगची खोकी जमिनीलगत आहेत. शिवाय आईने स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावला की तिला मुंग्या येतात. ती त्याला शॉक म्हणत नाही. "मुंग्याच रे त्या, चप्पल घातली की जातात," म्हणते.

कलम १. घर. आजोबांच्या मागे बाबा आणि काका यांनी घर मधोमध वाटून घेतले. मध्ये भिंत घातली, दोन दारे केली, दोन मीटर बसवले. बाबांच्या मागे आमची बाजू आईची आणि माझी झाली. त्यातला माझा हिस्सा मी आईला देतो, तिच्यामागे ताईला.

येथपर्यंत सरळ आहे. पण घर वाटताना वायरी वाटायच्या राहून गेल्या, असे आता दिसते. मागच्या आठवड्यात वायरमनने आमचा मेन स्विच बंद केला. पुढच्या खोलीत अंधार झाला आणि स्वयंपाकघरातला दिवा जळतच राहिला. वायरमनने मेन पुन्हा वरखाली करून पाहिला. मग माळ्याच्या तोंडाशी असलेल्या एका वायरीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही, म्हणून त्याने ती सोडवली. दिवा तसाच राहिला, आणि भिंतीपलीकडे काकांचे शिलाई मशीन थांबले: ती त्यांची परतीची, न्यूट्रलची वायर निघाली, जिच्यावर टेस्टर पेटत नाही.

काकू तिकडून ओरडली, "आता लाईटसुद्धा चोरता का रे? अर्धं घर घेतलं ते पुरेना?"

आई म्हणाली, "आमचा मेन बंद आहे, जाऊबाई! चोरू कशाने, दातांनी?"

आणि हे ती ज्या दिव्याखाली उभी राहून बोलत होती, तो काकांच्या मीटरवर जळत होता.

वायरमनने वायर होती तशी जोडली आणि शिडीवरून उतरून कपाळ पुसले. दुकानात मला गुंडाळ्या म्हणतात, तोही म्हणतो. "गुंडाळ्या, तुमच्यात काय कुठून येतं ते तुझ्या आजोबांनाच ठाऊक. दोन्ही बोर्डांचे फ्यूज माझ्या खिशात आल्याशिवाय मी तुला वर चढू देणार नाही."

"काकांनी नुसता मेन बंद ठेवला तर?"

"बंद मेन कोणीतरी येऊन चालू करतं. पंखा हवा असतो लोकांना. खिशातला फ्यूज कोण लावणार?"

काका आणि आम्ही बोलत नाही. कशावरून, ते मला माहीत नाही. आई सांगते ते कारण वेगळे, ताई सांगते ते वेगळे, आणि दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत.

म्हणून भिंतीतल्या वायरी मी कोणालाच देत नाही. त्या माझ्या आहेत का, हेच मला कळलेले नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक आईला. त्यातून वायरिंगचे काम पुरे करावे. मी गेलो तरी थांबवू नये. नीट अर्थिंग, आणि प्रवाह कुठे गळला तर आपोआप पडणारा ट्रिपर, या दोन गोष्टींत काटकसर करू नये. आई म्हणेल, "एवढ्या वर्षांत काही झालं का?" झाले नाही, हे खरे. का झाले नाही, ते मला समजत नाही. त्या वायरींवरचे रबर बोट लावले की भुगा होऊन खाली पडते.

कलम ३. वाइंडिंगचे हातयंत्र दुकानमालकांना. जळालेल्या मोटारीचा दोष ते गिऱ्हाइकासमोर मला देतात आणि गिऱ्हाईक गेल्यावर चहा पाजतात. यांतले खरे कोणते, ते मी कधी विचारले नाही. आता विचारणे होणार नाही.

चांगली पकड वायरमनला द्यायची होती. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे कारकून म्हणाला. वायरमनला सांगितले तर तो म्हणाला, "राहू दे पकड, सही घे. तू जिवंत राहिलास की तशीच उचलून नेईन." सबब पकड भावोजींना. अट अशी, की त्या पकडीने त्यांनी तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडू नये. ताईच्या घरात एकाही प्लगला ती पिन उरलेली नाही. मी म्हटले, "भावोजी, ती अर्थिंगची असते." ते म्हणाले, "अरे, दोनवर चालतंय ना? तिसरी काय शोभेला?" अशा माणसाच्या हातात पकड द्यावी की नाही, याचा निर्णय होत नाही. हे वाक्य खोडले होते, पुन्हा लिहिले.

कलम ४. बाबा दिव्याच्या होल्डरमधून, अर्थिंगशिवाय, जी इस्त्री चालवत, ती कोणालाही देऊ नये आणि कोणी वापरू नये. मोडीतही घालू नये. ती पाहिली की राग येतो की बाबा आठवतात, ते सांगता येत नाही.

कलम ५. काकांना मी काहीही ठेवत नाही. दुसऱ्या साक्षीदाराची अडचण यातूनच सुटली. बाकी सगळे कुठल्या ना कुठल्या कलमात आले आहेत. ज्याला काही मिळत नाही असा, जवळचा आणि वाचता येणारा माणूस एकच उरला. आज संध्याकाळी मी पलीकडचे दार वाजवले.

काकूने उघडले. "काय हवंय?"

"काकांची सही."

"कशावर?"

"माझ्या मृत्युपत्रावर."

ती आत गेली आणि खुर्ची घेऊन आली. काकांनी मशीन थांबवून सगळे वाचले, कलम चारपर्यंत.

"मला काही नाही?"

"ठेवलं असतं तर तुम्ही साक्षीदार म्हणून चालला नसतात."

"हं. ही चोर म्हणाली ते लिहिलंस. मी काय म्हणालो ते नाही लिहिलंस."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. गप्प बसलो. तेही लिही."

लिहिले. मग मी फ्यूजचे सांगितले. काकू म्हणाली, "आणि सोमवारी शाळेचे गणवेश द्यायचेत ते?"

"पायाने चालवीन मशीन. पाय गेले नाहीत अजून." काका स्टुलावर चढले, मेन पाडला, दोन्ही फ्यूज ओढून काढले आणि माझ्या हातात दिले.

"काम उद्या आहे, काका."

"आजच ने. उद्या सकाळी माझं मन फिरलं तर?"

भिंतीपलीकडून आईची हाक आली, "अगं बाई, दिवा गेला!"

काकूने इकडून उत्तर दिले, "आमचाही गेला!"

ते भांडण होते की नव्हते, ते मला ठरवता आले नाही.

कलम ६. सध्या माझ्या शर्टाच्या खिशात काकांच्या बोर्डाचे चिनी मातीचे दोन फ्यूज आहेत. उद्या सकाळी ते वायरमनच्या खिशात जातील. ते माझे नाहीत. मी मेलो तर काकांना परत द्यावेत. न मेलो तर मी स्वतः नेऊन देईन. हे देणे नसून परत करणे आहे, त्यामुळे काकांच्या साक्षीला बाध येऊ नये. कारकुनाला विचारायचे राहिले.

वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि पुन्हा वाचले.

सही: गुंडाळ्या
स्थळ: काकांची पुढची खोली, खिडकीपाशी
दिनांक: कामाच्या आदला दिवस, शनिवार

साक्षीदार पहिला: वायरमन. माझ्यासमोर वाचून दाखवले. कलम तीन मला मान्य नाही, सही मान्य आहे.

साक्षीदार दुसरा: काका, धंदा शिंपी. त्याने माझ्यासमोर सही केली. उद्या शिडी मी धरणार आहे.